प्री-सेशनल केलं त्याला सात महिने झाले, आता सांगते

आयईएल्टीएसला (इंग्रजीची परीक्षा) एकूण साडेसहा आले पण रायटिंगला साडेपाच, आणि युनिव्हर्सिटीला प्रत्येकात किमान सहा हवे होते, म्हणून इंग्लंडमधल्या एमएस्सीआधी दहा आठवड्यांचा प्री-सेशनल इंग्लिश कोर्स करावा लागला. पुण्यातला एजंट म्हणाला होता, "मॅडम, नुसती फॉर्मॅलिटी आहे, आरामात फिरा." फिरा कसलं! दिवसभर क्लास, रात्री वाचन, जुलै ते सप्टेंबर कधी सरले कळलंच नाही.

पहिल्याच निबंधाला माझी विकेट पडली. टर्निटिनमध्ये (दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतं ते दाखवणारं सॉफ्टवेअर) 38 टक्के! आणि मला तर कॉपी केलीय असं वाटतच नव्हतं, प्रत्येक वाक्यात दोन-तीन शब्द बदलले होते ना. इंजिनिअरिंगला सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीची फाईल समोर ठेवून अख्खं जर्नल उतरवलेलं, तिथे कोण विचारतंय. ट्यूटरबाई ओरडल्या नाहीत. लॅपटॉप मिटायला लावला आणि म्हणाल्या, त्या पेपरात काय होतं ते आता तोंडी सांग. सांगितलं. मग म्हणाल्या, हेच लिही आणि पुढे लेखकाचं नाव नि साल टाक. वर विचारलं, हे त्याचं झालं, तुझं म्हणणं काय? तिथे मी गप्प.

अजून एक गंमत, मी हात वर करून "आय हॅव अ डाऊट" म्हणायचे आणि बाई दर वेळी जरा सावध व्हायच्या. तिसऱ्या आठवड्यात कळलं, इकडे ते "तुमचं पटत नाहीये" असं ऐकू येतं!

मेन कोर्सच्या पहिल्या असाइनमेंटला 64 पडले. बाबांचा आवाजच उतरला, बीईला 78 टक्के होते ना. इथे 50 ला पास, 60 ला मेरिट, 70 ला डिस्टिंक्शन, हे समजावण्यात अर्धा तास गेला. वर्गात प्री-सेशनल न करता डायरेक्ट आलेली दोघं, आयईएल्टीएस माझ्यापेक्षा भारी, पण त्याच असाइनमेंटला वाङ्मयचौर्याच्या चौकशीला बसली.

तक्रारी आहेतच. एमबीएवाले, इंजिनिअर सगळे एकाच वर्गात आणि वाचायला काय तर पर्यटन. स्टॅटिस्टिक्सचं नावही नाही. वर्गात बहुतेक चिनी मुलं, बाई अगदी सावकाश बोलणाऱ्या, त्यामुळे पहिल्या खऱ्या लेक्चरला यॉर्कशरकडचे प्रोफेसर बोलायला लागले तेव्हा मला निम्मंच कळलं. आणि पैसे! फी नि रूमभाडं धरून पाच लाखांच्या वर गेले.

आयईएल्टीएसच्या एकाच सेक्शनला अर्धा बँड (म्हणजे अर्धा गुण) कमी पडला असेल तर आधी वन स्किल रीटेक बघा, कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर 60 दिवसांत तेवढाच सेक्शन परत देता येतो, फक्त युनिव्हर्सिटी तो धरते का ते विचारून घ्या. आमचा एजंट याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

आता जूनपासून डिझर्टेशन (शेवटचा मोठा प्रबंध), 180 पैकी 60 क्रेडिट त्याचेच. रोज लॅपटॉप मिटून वाचलेलं मोठ्याने स्वतःलाच सांगते, तेही मराठीत. फ्लॅटमधल्या नायजेरियन मुलीला वाटतं मी आईशी फोनवर भांडतेय.