क्रिस्टल ८.५ आणि आरडीएलसी एकाच घरात: आठ महिन्यांचा अनुभव

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मीच बघतो, त्यामुळे काउंटरवरच्या शिव्या पण मलाच. परवा एक काका पासबुक घेऊन आले, नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. "मी कोण ते तुम्हालाच माहीत नाही का?" म्हणाले. म्हणून हे लिहितोय.

सेटअप असा: जुने चाळीसेक रिपोर्ट क्रिस्टल ८.५ चे (रिपोर्ट बनवायचं-छापायचं जुनं सॉफ्टवेअर), व्हिज्युअल बेसिक ६ च्या काळातले, ते आताच्या डॉट नेट प्रोग्राममधून कॉम इंटरॉपने (जुने घटक डॉट नेटमधून वापरायचा पूल) चालवतो, आणि नवे सगळे आरडीएलसीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट फॉरमॅटमध्ये. व्हेंडरने एकेक रिपोर्ट बदलायचा जो दर सांगितला तो ऐकून चेअरमन म्हणाले जुनं चालतंय ना, चालू दे.

चालतं, पण नखरे आहेत. ८.५ चे डीएलएल (प्रोग्रामला जोडायच्या फायली) ३२ बिट, म्हणजे अख्खं अ‍ॅप्लिकेशन एक्स८६ वर, म्हणजे ३२ बिटसाठी कंपाइल करायचं, 'एनी सीपीयू' हे सेटिंग राहिलं की ६४ बिट मशीनवर 'क्लास नॉट रजिस्टर्ड' ही एरर. एकदा हे कळलं की विषय संपला.

खरी डोकेदुखी मराठीची. ८.५ ला युनिकोड कळतच नाही (ते ९ पासून आलं), जुनी नावं शिवाजी फॉन्टमध्ये (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणारा जुना फॉन्ट), नवी युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणारी पद्धत). आरडीएलसीत जुनं नाव गेलं की इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी, क्रिस्टलमध्ये नवं गेलं की प्रश्नचिन्हं, काकांचं तेच झालं.

मी चिडून पासबुक पण आरडीएलसीत नेलं. स्क्रीनवर काय देखणं दिसत होतं! छापायला घेतलं आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करवतीसारखा ओरडायला लागला. क्रिस्टल प्रिंटरचा स्वतःचा ड्राफ्ट फॉन्ट वापरून आकडे खटाखट मारायचं, आरडीएलसीला तो फॉन्ट दिसतच नाही, ते अख्खं पान चित्र म्हणून पाठवतं, एकेका ओळीवर हेड दोन-तीनदा फिरतं, अक्षर तरी पुसटच. लाइन लागली, मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, आणि रिबन जी महिनाभर पुरायची ती बारा दिवसांत फिकी. रिबनचे पैसे व्हाउचरवर मलाच टाकावे लागतात हो.

तेव्हा सगळंच आरडीएलसीत न्यायचं हे मत मागे. ताळेबंद, थकबाकी, व्याजाचे दाखले आरडीएलसीत झकास, लेझरवर आणि पीडीएफला तोड नाही. पासबुक आणि पावती मात्र क्रिस्टलमध्येच, त्याला कुणी हात लावू नका.

क्रिस्टलला नाव शिवाजीत मिळावं म्हणून सभासद टेबलात नावाचे दोन कॉलम केले आणि युनिकोडवरून शिवाजीत नेणारं फंक्शन घरीच लिहिलं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर, त्यामुळे पहिल्याच दिवशी शिर्केंचं र्शिके झालं. ते सुधारलंय. काकांचं पासबुक पण फुकट नवीन दिलं, त्यांनी नाव चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मग शिल्लक चुकलीय म्हणाले. चुकली नव्हती.