'आर्क कटर'च्या नावाखाली ३,२०० ला गंडलो, इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी वाचा

जरा मोठं झालंय पण वाचा, कारण हा 'आर्क कटर' डबा (आर्क म्हणजे ढिल्या जॉइंटच्या फटीतनं उडणारी ठिणगी) कोल्हापुरात अजून विकला जातोय. माझी ६० व्होल्टची स्कूटर. गाड्या पेटल्याचे व्हिडिओ बघून घरात रोज कटकट, म्हणून 'ठिणगी पडायच्या आत लाइन कट' असलं सांगणाऱ्या एका दुकानात गेलो.

त्यानं बॅटरीच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या, फट्ट् झालं आणि डबा लगेच बंद. मी गार! ३,२०० रोख दिले, बिल मागितलं तर म्हणाला बिलावर जादा पडतील, मी पण शहाणा, राहू दे म्हटलं.

दीड महिन्यानं रंकाळ्यावरनं येताना सीटखालनं जळका वास यायला लागला. उघडतोय तर बॅटरीचा कनेक्टर एका बाजूनं वितळलेला, पिनेला बारीक खड्डे पडलेले, फ्यूज शाबूत आणि डब्याचा हिरवा लाइट मस्त चालू.

उद्यमनगरात वायरिंग करणारं एक ओळखीचं पोरगं आहे, त्यानं डबा फोडला. आत साधा रिसेटवाला ब्रेकर, एक एलईडी, एक रजिस्टन्स, आणि वजन लागावं म्हणून एम-सीलचा गोळा!! तो म्हणाला दुकानात दाखवला तो सरळ शॉर्ट होता, शॉर्टमध्ये करंट एकदम चढतो, ब्रेकर उडणारच, तेवढं काम फ्यूजपण करतो. माझ्या गाडीत जॉइंट ढिला, फटीतनं जाळ होत होता पण करंट मोटरलाच चाललेला, तोपण नेहमीपेक्षा कमीच, मग ब्रेकरला कळणार कुठनं. घरच्या एसी लाइनीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझायला वाव असतो, बॅटरीच्या डीसीत तसं काही नाही, एकदा जाळ धरला की जळत राहतो. खरा आर्क डिटेक्टर करंटवर चढलेली हाय फ्रिक्वेन्सीची खरखर ओळखतो, त्याला सेन्सर आणि प्रोसेसर लागतो, इथं सर्किटचाच पत्ता नाही.

कनेक्टर नवा टाकला, लग (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) नीट पंच करून घेतले, तिथंच निम्मं काम झालं म्हणे.

मग परत दुकानात गेलो. म्हटलं वायरी टेकवू नको, मोटर लोडवर फिरव आणि मधला जॉइंट ढिला करून दाखव (घरी कुणी करू नका हे). तर म्हणतोय, "टेक्निशियन सुट्टीवर हाय, आणि तुमचं बिल कुठाय?" काउंटरवर तसलेच पाच-सहा डबे हिरवे लाइट लावून मांडलेले.