नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, वर्षभर वापरल्यावर (ऑटिस्टिक कानांसाठी)

मी ऑटिस्टिक आहे आणि हे हेडफोन मी गाणी ऐकायला घेतलेच नाहीत, त्यामुळे बेस कसा आहे वगैरे मला विचारू नका, बहुतेक वेळा मी काहीच न लावता ते नुसते कानावर घालून बसते. घ्यायच्या आधी जितके रिव्ह्यू वाचले ते सगळे गाणी आणि कॉलवाल्यांचे, आमच्यासारख्यांना काय लागतं ते कोणी लिहिलंच नव्हतं, म्हणून लिहितेय.

आधी त्रास काय ते सांगते. माझी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, दोनदा झालीय, दोन्ही वेळा नॉर्मल. कान ठणठणीत आहेत, घोळ त्याच्या पुढे आहे. चारजण बोलत असले की बाकीच्यांचा मेंदू एक आवाज पुढे घेतो आणि उरलेले मागे सारतो, माझ्याकडे सगळे एका रांगेत येऊन उभे राहतात, समोरच्याचं बोलणं, एसीची घरघर, कोणाच्या तरी पेनाची टिकटिक, ट्यूबलाइटच्या चोकचा हुंकार, सगळं सारखंच महत्त्वाचं. माणूस बोलतोय हे ऐकू येतं पण शब्द सुटे होत नाहीत. आणि काही आवाज तर दुखतात, खरंच दुखतात, वॉशरूममधला हँड ड्रायर सुरू झाला की दाढेतून सणक जावी तसं होतं.

लहानपणी जुन्या डब्बा टीव्हीची बारीक शिट्टी मला दुसऱ्या खोलीत ऐकू यायची, टीव्ही म्यूट असला तरी. घरचे म्हणायचे काहीतरीच सांगते. खूप नंतर कळलं की त्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून 15,625 हर्ट्झची शिट्टी खरंच निघायची, वय वाढलं की माणसाला तेवढा बारीक आवाज ऐकू येत नाही एवढंच. मी खरं सांगत होते. लिओ कॅनर नावाच्या मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1943 साली ज्या 11 ऑटिस्टिक मुलांबद्दल लिहिलं त्यांच्यातही व्हॅक्युम क्लीनरला, लिफ्टला, वाऱ्याच्या आवाजाला घाबरणारी मुलं होती, तरी डीएसएममध्ये, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, ऑटिझमच्या निकषांत हा सेन्सरी भाग (आवाज, उजेड, स्पर्श जास्त किंवा कमी जाणवणं) यायला 2013 उजाडलं. मधली 70 वर्षं किती मुलांनी "नाटकं करू नकोस" ऐकलं असेल.

आता हेडफोन. हे बाहेरचा आवाज माइकने पकडतात आणि त्याच्या बरोब्बर उलटी लहर आत सोडतात, दोन्ही एकमेकांना मारतात. म्हणून सलग चालणारे जाड आवाज, पंखा, एसी, गाडीचं इंजिन, हे मस्त जातात. पहिल्या दिवशी ऑन केले आणि फ्रिजची घरघर गेली, तेव्हा लक्षात आलं की मी खांदे कानापर्यंत उचलून बसले होते, ते आपोआप खाली आले आणि मला रडूच फुटलं. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

पण अचानक येणारे, टोकदार आवाज फारसे थांबत नाहीत. उलट मीटिंगमध्ये एसी गायब झाला आणि ती पेनाची टिकटिक एकटीच मोकळ्या मैदानात आल्यासारखी झाली, आधीपेक्षा जास्त टोचायला लागली. त्याला ड्रिलवाले कामगार घालतात ते साधे जाड इअरमफ जास्त चालतात, बॅटरी नाही काही नाही, हँड ड्रायरला मी तेच वापरते. सिलिकॉनचे इअरप्लगपण करून बघितले, पण त्यात स्वतःचं चावणं आणि पावलं डोक्यात धपधप वाजतात, मला नाही झेपलं, कोणाला जमतातही. अजून एक, नॉइज कॅन्सलिंग ऑन केलं की काहींना कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, मला आठवडाभर वाटलं मग गेलं, तुमचं जाईलच असं नाही, त्यामुळे परत करता येत असेल तरच घ्या आणि अर्धा तास तरी घालून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, दिवसभर घालू नका. पहिले दोन महिने मी उठल्यापासून झोपेपर्यंत घालत होते, मग ते काढले की चमचा पडला तरी अंगावर वीज पडल्यासारखं व्हायला लागलं. ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, कान सतत झाकले की मेंदू आतून आवाज वाढवून घेतो. आता गर्दीत, प्रवासात घालते, घरात शांत असेल तर मुद्दाम काढून ठेवते, हळूहळू फरक पडला. आणि मुलासाठी घेत असाल तर त्याला विचारून, कारण प्रत्येक ऑटिस्टिक मुलाला आवाज नकोच असतो असं नाही, काहींना तोच आवाज पुन्हा पुन्हा हवा असतो, एकच पोरगं मिक्सरला कान झाकतं आणि स्वतः भांडी बडवत बसतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो बॅटरीच्या सूचनेसाठी. चार्ज संपत आला की शांततेत एकदम एक बाई कानात मोठ्याने बोलते आणि ते बंद करायची सोयच नाही, आवाज कमीपण होत नाही. शांतता हवी म्हणून घेतलेल्या वस्तूने असं दचकवायचं? एकदा बसमध्ये मी त्यामुळे थरथरत खाली उतरले, दोन स्टॉप आधी. कंपनीला दोनदा लिहिलंय, उत्तर नाही. तोवर रोज रात्री चार्जिंगला लावते आणि इअरमफ बॅगेत ठेवते.