एआय सिम्युलेशन, मॉक इंटरव्ह्यू की बुटीबोरी: पैसे कुठं घालायचे?

जून लागला की प्लेसमेंट सेलच्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग पडतो. यंदा त्यातल्या बहुतेकांवर एकच गोष्ट होती, एआय सिम्युलेशन. पोरगं स्क्रीनसमोर बसतं, पलीकडून यंत्र चिडलेला ग्राहक नाहीतर खडूस बॉस होऊन बोलतं, पंधरा मिनिटांनी ‘जॉब रेडीनेस’चा आकडा हातात पडतो. आमच्या नागपूरच्या कॉलेजात आम्ही हे एक सत्र वापरून पाहिलं. माजी विद्यार्थ्यांनी घेतलेले मॉक इंटरव्ह्यू आणि जवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीतली इंटर्नशिप हे जुने मार्गही चालूच होते. तिन्हींना पुरेल एवढं बजेट नसेल, तर पुढचं वाचा.

आधी एक प्रसंग. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीला काम दिलं होतं: वाडीच्या गोदामातून निघालेला माल अमरावतीच्या दुकानदाराकडे चार वाजता पोचायचा होता, सहा वाजले तरी पत्ता नाही, दुकानदाराचा फोन आलाय. यंत्रासमोर ती छान बोलली. ‘मी तुमची अडचण समजू शकते’ हे वाक्य तीनदा आलं. गुण 100 पैकी 82.

शनिवारी तेच काम आमच्या एका माजी विद्यार्थ्यासमोर. तो वाडीला ट्रान्सपोर्टमध्ये सुपरवायझर आहे. दुसऱ्याच मिनिटाला त्यानं तिला तोडलं, ‘ताई, समजणं राहू दे. गाडी कुठं आहे?’ ती गप्प. ड्रायव्हरचा नंबर सोबत दिलेल्या ईमेलमध्ये होता, तो तिनं उघडलाच नव्हता. त्यानं 10 पैकी 4 दिले आणि शेरा लिहिला, ‘नंबर मेलमध्ये होता.’

ह्यावरून यंत्र टाकाऊ ठरवू नका. त्याच्या तपासणी यादीत स्वर, शब्दसंपत्ती, बोलण्याचा वेग एवढंच होतं. माहिती शोधली का, हा रकानाच नव्हता. खोटं काम देऊन माणूस पारखणं तसं जुनंच आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीनं 1956 पासून होतकरू मॅनेजरांपुढे पत्रांचा आणि टिपणांचा ढीग ठेवून आधी काय उचलतात ते पाहिलं. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये मेडिकलच्या विद्यार्थ्यांसमोर रुग्णाची भूमिका करणारी माणसं बसवली, 1975 मध्ये रोनाल्ड हार्डन यांनी त्याच धर्तीवर टप्प्याटप्प्याची प्रात्यक्षिक परीक्षा आखली. तिथे सगळ्यांना काम एकच, यादी एकच, आणि यादीत ‘काय केलं’ हे आधी. म्हणून विक्रेता आला की पहिला प्रश्न हाच विचारा: तपासणी यादी आम्हाला बदलता येते का? नाही म्हणाला, तर त्याचे गुण मार्कशीटच्या आसपास फिरकू देऊ नका.

सरावात मात्र यंत्राला तोड नाही. साठ पोरं, चार माजी विद्यार्थी, वर्षातून एक शनिवार. प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिनिटं, त्यातही एक पाहुणा वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. हॉस्टेलमधल्या एका मुलाची जीभ बोलताना अडखळते. त्यानं रात्री जेवण झाल्यावर तेच काम चौदा वेळा केलं. हसायला कुणी नव्हतं. पंधराव्या वेळी तो माणसासमोर बसला तेव्हा अडखळला, पण थांबला नाही.

आणि माणूस फार निष्पक्ष असतो अशातलाही भाग नाही. ‘गाव कोणतं?’ विचारलं आणि पाहुण्याचंच काटोल निघालं, की आठातली चार मिनिटं संत्र्याच्या भावात जातात. गुणही दोनेक वाढतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाषेचा घोळ वेगळाच. आपली पोरं मराठी, हिंदी, इंग्रजी एका वाक्यात कालवतात. यंत्रानं ऐकून लिहिलेल्या आमच्या उताऱ्यांत ‘बुटीबोरी’चं ‘ब्यूटी बॉडी’ झालं होतं. अमेरिकेतल्या 2020 च्या एका अभ्यासात पाच बड्या कंपन्यांच्या बोलणं ऐकून लिहिणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी 19 टक्के शब्द चुकले, कृष्णवर्णीयांच्या 35 टक्के. यंत्र ऐकण्यातच चुकलं, तर पुढचे गुण कशाचे? चेहऱ्यावरून आत्मविश्वास मोजतो म्हणणाऱ्याला तर चहा पाजून परत पाठवा. युरोपीय संघानं फेब्रुवारी 2025 पासून शाळा-कॉलेजांत आणि नोकरीच्या जागी भावना ओळखणाऱ्या एआयवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदीच घातली आहे.

इंटर्नशिपबद्दल फार लिहीत नाही. गेटपास, सेफ्टी शूज, मे महिन्याचं ऊन आणि शिफ्ट बदलताना होणारी बोलाचाली स्क्रीनवर येत नाही. पण ते नशिबावर असतं. हिंगण्याच्या एका युनिटात आमची एक मुलगी स्टॉकचं रजिस्टर सांभाळायला शिकली, तिच्याच वर्गातला मुलगा दुसरीकडे महिनाभर झेरॉक्स काढत बसला.

मग ठरवायचं कसं? पोरांची मुख्य अडचण बोलायची भीती असेल, घरात पहिल्यांदाच कुणी ऑफिसची नोकरी बघत असेल, तर सिम्युलेशन घ्या, मॉक इंटरव्ह्यूच्या दोन महिने आधी. आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर तोच पैसा बुटीबोरीच्या बसभाड्यात घाला. शिवाय तिथली बरीच मुलं 18 च्या आतली. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग ही माहितीच आहे. कोर्स संपल्यावर रेकॉर्डिंग पुसणार, हे करारात लिहून घ्या.

अंतर्गत गुणांसाठी वापरायचा विचार असेल, तर आधी दहा रेकॉर्डिंग घ्या. दोन शिक्षकांना एकमेकांचे गुण न दाखवता तपासायला सांगा, आणि यंत्राला तेच रेकॉर्डिंग दोनदा द्या. आमच्याकडे एकाच मुलाच्या एकाच रेकॉर्डिंगला सकाळी 74 आणि दुपारी 81 मिळाले. विक्रेत्याचा माणूस ‘मॉडेल अपडेट झालं असेल’ म्हणाला.

यंदा आम्ही सिम्युलेशन ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढंच घेतलंय, आकड्यांचा रकाना मुलांना दिसणार नाही असं करून. संभाषणाचे उतारे शनिवारच्या आधी माजी विद्यार्थ्यांकडे जातात. वाडीच्या त्या सुपरवायझरनं तपासणीसाठी चार ओळी लिहून दिल्यात. पहिली ओळ: मेल उघडला का?