जबडा दुखतोय : आधी दातांची प्लेट की आधी मानेचा व्यायाम?

लग्नसराईत ब्लाउजची कामं वाढली की मशीनवर वाकलेली माझी मान रात्री दहालाच वर येते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सीझनला उजव्या कानापुढे ठणकायला लागलं. सासूबाईंनी विचारलं, "कान दुखस का?" मलाही तसंच वाटलं होतं, पण कान अगदी चांगला निघाला. दुखत होता तो जबड्याचा सांधा. दातांच्या डॉक्टरांनी रात्री घालायची प्लेट सांगितली, फिजिओथेरपिस्टने मान-खांद्याचे व्यायाम. मी दोन्ही केलं. आता अमळनेरातल्या ओळखीच्या बायका विचारतात, आधी काय करू?

आधी एक करून बघा. मान पुढे काढून, मशीनवर बसतो तसं बसा आणि दात हलकेच एकमेकांवर टेकवा. मग पाठ ताठ करून पुन्हा टेकवा. दात जरा वेगळ्या जागी जुळतात, बहुतेकांना लगेच कळतं. डोक्याचं वजन चार-पाच किलो. ते पुढे झुकलं की मानेचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात, आणि खालचा जबडा त्याच भागातल्या स्नायूंना टांगलेला असतो. पण म्हणून वाकून बसणाऱ्या प्रत्येकाचा जबडा दुखतो असं नाही. ताण, दात आवळायची सवय, झोप, हे सगळं त्यात येतं.

प्लेटचं काम सरळ आहे. मापं घेऊन बनवतात, रात्री दातांवर बसवायची. झोपेत दात खाणाऱ्यांचे दात झिजत नाहीत, हा तिचा खरा फायदा. झोपेतल्या दात खाण्यावर आपला ताबा नसतो, तिथे व्यायाम पुरत नाही. माझी पहिली प्लेट एका बाजूला उंच राहिली होती. दोनदा घासून घेईपर्यंत सकाळी जबडा जास्तच आखडायचा. तेव्हा प्लेट घेतलीत तर तपासणीला परत जाच.

व्यायामाला वेळ लागतो. मला फरक जाणवायला सहा आठवडे लागले, आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनदा गाडीने जळगाव. हनुवटी आत ओढणं, खांदे मागे, जीभ टाळूला लावून तोंड हळूहळू उघडणं, इतकंच. सगळ्यात मोठा बदल मात्र व्यायामाच्या वेळेबाहेरचा होता. मी टाचण्या दातांत धरायचे, दोराही दातांनीच तोडायचे. आता टाचण्या मनगटावरच्या गादीत असतात आणि मशीनखाली पाट ठेवून ते चार बोटं उंच केलंय. ओठ मिटलेले, दात सुटे, असं दिवसभर स्वतःला बजावावं लागतं. त्या दिवसांत कळण्याची भाकरी आणि ऊस बंद होता. भरीत-खिचडी चालायची.

2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात देखरेखीखाली करायचे, बसायची-उभं राहायची ढब सुधारणारे आणि जबड्याचे व्यायाम ठामपणे सुचवले आहेत. काढ-घाल करता येणाऱ्या प्लेटच्या विरुद्ध तज्ज्ञांनी कौल दिला, पण तो फार ठाम नाही. माझा अनुभवही तसाच आहे.

म्हणून दुखणं दिवस चढेल तसं वाढत असेल, सोबत मान-खांदा धरत असेल, तर व्यायामापासून सुरू करा. सकाळी उठताच जबडा आखडलेला असेल, दात झिजलेले दिसत असतील, तर दात वाचवायला प्लेट घ्या, पण व्यायाम सोडू नका. दुखणं जावं म्हणून चांगले दात कायमचे घासून घ्यायला कुणी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

घरात कुणी गुटखा-सुपारी खात असेल, शेवभाजीचा पहिलाच घास तोंडाला झोंबत असेल आणि तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर हे दोन्ही बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करा. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होते, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. जबड्यासोबत छाती किंवा हात भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.