नमुन्यातली अंडी उबली, डब्यातली नाही : माझे 8,830 गेले

आर्टेमियाची, म्हणजे माशांच्या पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून देतात त्या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या झिंग्यांची अंडी फोनवरून मागवणार असाल तर आधी हे वाचा. नमुन्याची 10 ग्रॅमची पुडी 180 रुपये, मग 425 ग्रॅमचे दोन डबे 8,400 आणि कुरिअर 250. एकूण 8,830. बायकोला 2,000 सांगितलेत.

विकणारा स्वच्छ मराठीत बोलला. इंदूरात कोणी फोनवर 'दादा' म्हटलं की माणूस विरघळतोच. नमुना झकास निघाला, 24 तासांत बाटलीत निघालेल्या पिल्लांचा नारिंगी ढग. हे आमिष असतं, मलाही ठाऊक होतं.

डबे आले. तारखेच्या स्टिकरची कड सुटलेली आणि खालून दुसरी छापील तारीख डोकावतेय. मी काय केलं? अंगठ्याने स्टिकर दाबून नीट बसवलं! डबा उघडताना हवा आत ओढल्याचा फुस्स आवाजसुद्धा आला नाही. (उघडताना व्हिडिओ काढाच. मी काढला नाही.) पण घरात एंजल माशाची दीडशे पिल्लं पोहायला लागली होती, त्यांना जिवंत खाद्य लगेच हवं होतं. तुम्ही काय केलं असतं?

पद्धत चुकली असेल, असं कृपया म्हणू नका. सहा वर्षं उबवतोय. लिटरला 25 ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, हीटरने 28 अंश, वर बल्ब, खालून जोरात हवा. 36 तासांनी टॉर्च लावला, तर उजेडाकडे एक जीव सरकेना. तळाशी नुसता तपकिरी गाळ. विकणारा म्हणे, "दादा, जानेवारीची थंडी आहे, 48 तास ठेवा." हीटर चालू असतानाही मी ठेवले! मग म्हणे मीठ बदला. तेही बदललं. तीन बाटल्या वाया. तोवर खाद्य म्हणून घातलेल्या कोंबडीच्या उकडलेल्या अंड्याच्या बलकाने पाणी नासलं आणि पिल्लं उरली अकरा.

कवच काढून वाळवलेली, म्हणजे सोललेली अंडी 'उबवायची' म्हणून गळ्यात मारणारेही आहेत. ती तशीच खाऊ घालायची असतात, त्यांतून पिल्लं निघण्याची वाट बघू नका.

ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्यांदा, "माल तो मिला ना? फिर धोखा कैसा?" तिसऱ्यांदा एकाने विचारलं, "झींगे के अंडे? तल के खा लेते," आणि सगळे हसले. अर्जाची पोच मागितली तर साहेब उद्या येतील. ग्राहक तक्रारीला फोन केला तर बिल मागतात. बिल कुठलं? यूपीआयने पैसे दिलेत, तेही कुणा बाईच्या नावावर, आणि तेव्हाही मी विचारलं नाही. बिल न देणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

मला त्याने ब्लॉक केलंय. भाच्याच्या फोनवर काल त्याचं स्टेटस पाहिलं. तोच नारिंगी ढग, आणि डबा आता 3,900 ला.