कर्क्युमिन कॅप्सूल, पाच-सहा महिन्यांनंतर: गुडघ्याला बरं वाटलं, पण मिरीचा हिशोब कुणी देईना

रिव्ह्यू लिहायचं डोक्यात नव्हतं खरं तर. पण गेल्या आठवड्यात कस्टमर केअरच्या बाईंनी "सर, हे नॅचरल आहे, याला साइड इफेक्ट नसतो" असं म्हणून फोन ठेवून दिला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नंतर मेडिकलमध्ये उभं राहून बाकीच्या डब्या पण फिरवून बघितल्या, दोन-तीन सोडल्या तर कुणावरच मिरीचे मिग्रॅ छापलेले नाहीत.

माल तुम्हाला माहितीच आहे, गुडघेदुखीसाठी घेतलेली हळदीच्या अर्काची ५०० मिग्रॅची कॅप्सूल, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड (हळदीतली रंगद्रव्यं), सोबत 'काळ्या मिरीचा अर्क', सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एकेक. मी सांगलीचा, मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात दिवाणजी. दिवसभर राजापुरी हळदीच्या पोत्यात बसणाऱ्या माणसानं हळद कॅप्सूलमधून विकत घ्यायची म्हणजे घरात बोलणी बसणारच, आणि एका डबीच्या पैशात चार-पाच किलो पूड येते हा हिशोब बायकोनं पहिल्याच दिवशी करून दाखवला. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा पेढे वाटलेल्या गावात ही डबी मुंबईहून कुरिअरनं येते, हे मलाही जरा खटकलंच.

पण ही आपली हळद नाही, हे आधी समजून घ्या. एक कॅप्सूल पांढऱ्या बशीत फोडून बघितली. पूड पिवळी नाही, गडद नारिंगी, आणि वास जवळजवळ नाहीच. यार्डात हळकुंड फोडलं की जो वास नाकात शिरतो तो टर्मेरोनसारख्या उडनशील तेलांचा असतो, अर्क काढताना ती तेलं बरीचशी निघून जातात. राहतात ती तीन रंगद्रव्यं: कर्क्युमिन, डिमिथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमिथॉक्सीकर्क्युमिन, तिघं मिळून कर्क्युमिनॉइड. वाळलेल्या हळदीत हे साधारण २ ते ५ टक्के असतात, इथं ९५. चिमूटभर चुना टाकला तर लगेच लालभडक, म्हणजे कर्क्युमिन आहे खरं. मग जिभेवर ठेवून बघितली, हळदीची चव नावालाच, पण घशात मिरीची जी झणझण बसली ती पाणी पिऊनही जाईना. तिथंच पहिल्यांदा प्रश्न पडला की हे मिरीचं प्रकरण आहे तरी किती?

गुडघ्याचं सांगतो आधी, नाहीतर म्हणाल नुसता तक्रार करतोय. पहिला महिना काहीच नाही. दुसऱ्या महिन्यापासून जिना उतरताना होणारी कळ कमी झाली, पेनकिलर आठवड्यातून एखादी लागते, आधी रोज लागायची. गुडघ्याच्या झिजेवर छोट्या चाचण्यांमध्ये थोडा फायदा दिसलेला आहे, त्यामुळं हे निव्वळ मनाचे खेळ नसावेत. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर चार स्टार दिले असते.

मग तासगावची आत्या आली. तिच्या हृदयाची झडप बदललीय, रक्त पातळ करायची वॉरफरिन रोज चालू, दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) तपासायला जाते. माझा गुडघा बघून म्हणाली, "मला पण दे की रे एक डबी, हळदच आहे न्हवं?" द्यायला हात पुढं केलाही असता, पण म्हणलं आधी विचारू. आणि तिथून सगळं सुरू झालं.

मिरी कशाला घालतात? कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि जे थोडं जातं त्याला आतडं आणि लिव्हर पटकन दुसऱ्या रूपात बदलून बाहेर काढायच्या मार्गाला लावतात. मिरीतलं पायपेरिन ते काम अडवतं. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिग्रॅ पायपेरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण जवळपास २० पट वाढलं, आणि तेव्हापासून जो तो मिरी घालतोय. पण पायपेरिन फक्त कर्क्युमिनचीच वाट अडवत नाही ना! फिटची फेनिटॉइन, बीपीची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफिलिन यांचं रक्तातलं प्रमाण पण ते वाढवतं, हे माणसांवर तपासलेलं आहे. म्हणजे ज्याच्या गोळीचा डोस डॉक्टरनं मोजून बसवलाय त्याला किती मिग्रॅ हे कळायलाच पाहिजे. डबीवर काय? 'प्रोप्रायटरी ब्लेंड', म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण, प्रमाण न सांगता. फोन केला, मेल केले, पुन्हा फोन केला. एकानं सांगितलं फॉर्म्युला गुप्त आहे, दुसरीनं नॅचरलची टेप लावली, पैसे परत मागितले तर सील फोडलंय म्हणून नाही. अहो, दुसऱ्या काही डब्यांवर '५ मिग्रॅ' सरळ छापलंय, मग तुमचंच कसलं गुपित? गोळ्यांवर जगणारी माणसं घरोघरी आहेत आणि तुम्ही एक आकडा छापत नाही, याचा मला मनापासून संताप आहे.

आत्याला तर नाहीच दिली. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी एक केस जाहीर केली होती, वॉरफरिनवर व्यवस्थित स्थिर असलेल्या माणसानं हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला. आत्याला डॉक्टरांनी ३ च्या आसपास ठेवायला सांगितलाय. १० म्हणजे कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो.

आता इथं माझं मत थोडं बदललं ते सांगतो. मला वाटत होतं सगळा दोष मिरीचा. पण लिव्हरचं वाचायला लागलो तर तसं नाही निघालं. इटलीत २०१९ ला कर्क्युमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना लिव्हरला सूज आल्याच्या बऱ्याच केसेस आल्या, ऑस्ट्रेलियानं २०२३ ला इशारा काढला. अमेरिकेत अशा १० पेशंटचा नीट अभ्यास झाला, एक जण दगावला, १० पैकी ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकाचा प्रकार सापडला, आणि तपासलेल्या ७ उत्पादनांपैकी फक्त ३ मध्ये पायपेरिन होतं. म्हणजे मिरी नसतानाही होतंय. एवढ्या लोकांनी हळद खाल्ली, त्यात हे फार थोडे, आणि बहुतेकांचं गोळी बंद केल्यावर सुधारतं. पण कुणाला होणार ते आधी कळायची सोय नाही. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेलेली, अंग गळलेलं, असं काही दिसलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठा, आणि कॅप्सूल चालू आहे हे त्यांना सांगा. लोक सांगतच नाहीत, हळद हे औषध वाटतच नाही ना आपल्याला. ज्यांना लिव्हरचा त्रास किंवा पित्ताशयात खडे आहेत त्यांनी घेऊच नये, इटलीत ही सूचना लेबलवर छापावी लागते. आपल्या डबीवर हळदीच्या फुलाचं चित्र आहे.

डोसचा पण हिशोब करा. खायचा रंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा किलोमागे ३ मिग्रॅ धरलीय, माझ्या ७० किलोला २१० होतात. दोन कॅप्सूल म्हणजे ९५०. चाचण्यांमध्ये थोड्या काळासाठी याहून कितीतरी जास्त देऊनही बहुतेकांना काही झालेलं नाही, म्हणून घाबरवत नाही, पण 'आमटीतलीच हळद' म्हणून विकू नका. आमटीत पाव चमचा पडते, ती चार माणसांत वाटली जाते, त्यातून माणशी दहा-पंधरा मिग्रॅ गेलं तरी खूप.

मी स्वतः डॉक्टरांना विचारून लिव्हरची तपासणी केली, एसजीपीटी वगैरे सगळं नॉर्मल आलं. त्यांनी सांगितलं घ्यायचीच तर कमी डोस, मिरीशिवायची, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. ही डबी बंद केलीय, आता रोज एकच, मिरी नसलेली, दुसऱ्या कंपनीची, आणि थोडी स्वस्त पण पडते. गुडघा अजून तरी ठीक आहे. या कंपनीला दोन स्टार, दोन्ही गुडघ्यासाठी. मेलला उत्तर येऊन पायपेरिनचे मिग्रॅ कळले तर तिसरा देईन आणि आकडा इथंच खाली टाकीन.